केनियाची खिशातली पेढी

स्वाहिली भाषेत दुकानाला ‘डुका’, पैशाला ‘पेसा’ आणि धनादेशाला ‘हुंडी’ म्हणतात. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याशी आपल्या व्यापाऱ्यांचा संबंध किती जुना आहे, याची साक्ष हे तीन शब्दच देतात. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग बांधला गेला आणि त्याच्या आधाराने अनेक भारतीय व्यापारी देशाच्या अंतर्भागात पोहोचले. जामनगरकडील ओसवाळ जैन कुटुंबेही पुढे तेथे स्थिरावली. आजही नोकरी-व्यवसायासाठी आपली मुले नैरोबीस जातात. घरच्या वडीलधाऱ्यांना काळजी असते, ती तेथील व्यवहार कसा चालतो याची.

तो व्यवहार आज मुख्यत्वे भ्रमणध्वनीवर चालतो. पूर्वी शहरात राबणाऱ्या माणसाला गावी पैसे पाठवायचे, तर ते बसचालकाच्या किंवा ओळखीच्या प्रवाशाच्या हाती द्यावे लागत. बँकेची शाखा बहुतेक गावांपासून दूर असे. मार्च २००७ मध्ये सफारीकॉम कंपनीने ‘एम-पेसा’ ही सेवा सुरू केली. तिला महागडा फोन लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. नाक्यावरील एजंटाला ओळखपत्र दाखवून रोख रक्कम द्यावी, ती आपल्या फोनवर जमा होते. मग समोरच्याचा क्रमांक, रक्कम आणि स्वतःचा गुप्त अंक भरला की दोघांनाही संदेश येतो. गावातील आई तेथील एजंटाकडून रोख पैसे घेते.

व्यापारी वाचकांना यातील खरी मेख लगेच उमगेल. एजंटाला दोन गल्ले सांभाळावे लागतात, एक रोख पैशाचा आणि दुसरा फोनवरील शिलकेचा. शहरात लोक पैसे भरतात, म्हणून तेथे फोनवरील शिल्लक आटते. खेड्यात लोक पैसे काढतात, म्हणून तेथे रोकड संपते. दोहोंचा मेळ घालण्यासाठी त्याला वरचेवर बँकेकडे धाव घ्यावी लागते. ग्राहकांची एकूण रक्कम बँकांमधील विश्वस्त खात्यांत असते. थोडक्यात, आपल्या आजोबांच्या हुंडीप्रमाणेच येथेही पैसा जागचा हलत नाही, हलते ती नोंद. हुंडी पटत असे ती पेढीच्या नावावर. येथे ती पत यंत्रणेची आणि नाक्यावरच्या एजंटाची.

नव्याने गेलेल्या तरुणाचा दिवसही याच सेवेभोवती फिरतो. भाजीवाल्याचे पैसे, प्रवासाचे भाडे, विजेचा आगाऊ भरणा, घरकामाच्या बाईंचा पगार हे सारे फोनवरून होते. २००९ मध्ये समुद्राखालील तारा मोंबासाला पोहोचल्या आणि उपग्रहावरील महाग, संथ जोडणीची जागा वेगवान इंटरनेटने घेतली. आता रात्री आठला दुकान बंद करून मुलगा आईशी समोरासमोर बोलू शकतो. मात्र तेव्हा भारतात साडेदहा वाजलेले असतात, हे त्याने ध्यानात ठेवावे.

सोयीबरोबर धोकाही आला. ‘चुकून तुमच्याकडे पैसे आले, परत पाठवा’ असा खोटा संदेश धाडून लुबाडणारे तेथेही आहेत. म्हणून गल्ल्यावर बसणाऱ्याने एक शिस्त पाळावी: संदेशावर विसंबू नये, आपली शिल्लक स्वतः पाहावी, मगच माल हातावेगळा करावा. प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र संकेतांक मिळतो. तो त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवल्यास पुढचा वाद टळतो.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. फोनवर क्षणार्धात कर्ज मिळू लागले, तशी गरज नसतानाही उचल करण्याची सवय जडली. अगदी क्षुल्लक रकमा थकल्यामुळेही अनेकांची नावे थकबाकीदारांच्या यादीत गेली. शेवटी २०२० मध्ये मध्यवर्ती बँकेने १,००० शिलिंगांखालील थकबाकीसाठी अशी नोंद करण्यास मनाई केली आणि २०२२ मध्ये फोनवरून कर्ज देणाऱ्यांसाठी नियम आले. उधार देणाऱ्याला घेणाऱ्याची ऐपत ठाऊक असावी, हा पेढीवरचा जुना दंडक यंत्राने मोडला. त्याची किंमत गरिबांनी मोजली.

तरीही जमेची बाजू मोठी आहे. तवनीत सूरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या सेवेमुळे केनियातील सुमारे १,९४,००० कुटुंबे दारिद्र्यातून वर आली. विशेषतः अनेक स्त्रिया शेती सोडून छोट्या व्यापाराकडे वळल्या. घरावर संकट कोसळले तर दूरच्या नातलगाची मदत आता त्याच दिवशी पोहोचते.

तेथे जाणाऱ्या आपल्या मुलांनी हे तंत्र अवश्य आत्मसात करावे. परंतु घरकामाच्या बाईंचा पगार ठरल्या तारखेस पाठवणे, चुकून आलेली रक्कम खात्री करून ज्याची त्याला परत करणे आणि ऐपतीबाहेर उचल न करणे, हे कोणताही फोन आपल्यासाठी करीत नाही. परमुलखात व्यापाऱ्याची पत अशाच लहानसहान गोष्टींतून बांधली जाते.