विमानाचा शेअर आणि वैमानिकाचा पगार

पुण्यात नोकरीला असलेली मुले सुट्टीत घरी आली की शेअरच्या गोष्टी काढतात. भाव पडला म्हणजे शेअर स्वस्त झाला, असे त्यांना वाटते. जरा सबुरीने घ्या. मुंबईच्या जेट एअरवेजने २००५ साली आपला शेअर १,१०० रुपयांना विकला. २०१९च्या जानेवारीपासून वैमानिकांचे पगार थकले आणि १७ एप्रिलला विमाने थांबली. मळ्यात गड्याची मजुरी थकली की काय समजायचे, हे तुम्हाला सांगायला नको! तरीही कोणी नवा मालक येईल या आशेवर लोक शेअर घेतच राहिले. साखर कारखान्याच्या शेअरवर निदान आपला ऊस तरी जातो. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम दिला. अशा मोडीच्या पैशात कामगारांची व बँकांची देणी आधी भागवतात. भागधारकाचा नंबर सर्वांत शेवटी.