पाच पिनांच्या जागी सोळा

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीचा ‘टीआय-८४ प्लस सीई’ हा आलेख काढणारा कॅलक्युलेटर २०१५ साली बाजारात आला. रंगीत पडदा, आत लिथियम-आयन बॅटरी, आणि ती चार्ज करायला मिनी-यूएसबी पोर्ट. हे पोर्ट २००० सालचे. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांना आणि एमपी३ प्लेअरना असायचे तेच, थोडे जाडसर आणि कडेला आत दबलेले. त्याची जागा घेणारे मायक्रो-यूएसबी २००७ मध्येच आले होते. आज आपण ज्याला टाइप-सी म्हणतो, त्याचे मानकही ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. कॅलक्युलेटर जन्मला तेव्हाच त्याचे पोर्ट दोन पिढ्या मागे होते.

शंभर डॉलरहून महाग वस्तूची ही गत का, याचे उत्तर बरेचसे परीक्षेत सापडते. अमेरिकेत एपी कॅल्क्युलस या शाळकरी मुलांसाठीच्या कॉलेज-पातळीच्या परीक्षेने १९९५ पासून असा कॅलक्युलेटर आवश्यक ठरवला आणि शिक्षक, पाठ्यपुस्तके, शिकवण्या अशा सगळ्यांनीच ठरावीक मॉडेलच्या बटणांची सवय लावून घेतली. अशा वस्तूत बदल करण्याची घाई कोणालाच नसते. आपल्याकडे बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर ‘लॉग टेबल चालेल, कॅलक्युलेटर चालणार नाही’ अशा अर्थाची सूचना असते, त्यामुळे हे यंत्र बहुतेकांनी हातात घेतलेलेही नसते. मुंबई-पुण्यातल्या आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांतल्या मुलांना मात्र आलेख काढणारा कॅलक्युलेटर दप्तरात बाळगावा लागतो. घरातल्या फोन, हेडफोन, टॅबलेटच्या वायरी एक झाल्या तरी त्याची वायर वेगळी जपायची. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून टाइप-सी सक्तीचे केले, त्या यादीत फोन, कॅमेरे, कीबोर्ड, माऊस, अगदी ई-रीडरही आहेत, कॅलक्युलेटर नाही.

कायद्याने सोडलेले काम हौशी लोक हातात घेतात. जुने पोर्ट उपसायचे आणि स्वतः आखलेल्या नखाएवढ्या पीसीबीवर, म्हणजे सर्किट बोर्डावर, टाइप-सी बसवून तो तुकडा त्या जागी डकवायचा, अशी ही शस्त्रक्रिया. ऐकायला सोपी वाटते. मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात ‘जॅक बदलून मिळेल’ अशी पाटी असते, मग इथे खास बोर्ड कशाला?

पहिले कारण मापांचे. मिनी पोर्टला पाच पिना, दोन पिनांमधले अंतर ०.८ मिलिमीटर. टाइप-सीच्या पिना ०.५ मिलिमीटर अंतराने बसवलेल्या असतात आणि पूर्ण पोर्टला त्या २४ असतात. कॅलक्युलेटरला यूएसबी २.० पुरेसे असल्याने १६ पिनांच्या स्वस्त जॅकवर भागते. पण तोही जुन्या पाच तांब्याच्या पट्ट्यांवर कसा बसणार? म्हणून मधला बोर्ड. त्याच्या एका अंगाला जुन्या मापाच्या पाच पट्ट्या, दुसऱ्या अंगाला नव्या जॅकची जागा. टाइप-सी कोणत्याही बाजूने घुसवता येते, कारण डेटाच्या दोन्ही तारा जॅकमध्ये दोनदा आलेल्या असतात. बोर्डावर त्या जोड्या एकत्र आणाव्या लागतात. शिवाय नवे तोंड जुन्यापेक्षा सुमारे दीड मिलिमीटर रुंद आणि उंचीला कमी. कवचाचे प्लास्टिक दोन्ही कडांनी घासल्याशिवाय वायर आत जात नाही.

इथवरचे सारे सुतारकाम. खरी गंमत पुढे आहे, आणि याच ठिकाणी पुष्कळ घरगुती प्रयोग फसतात.

जुन्या यूएसबीची रीत साधी होती. संगणकाच्या चपट्या पोर्टमध्ये पाच व्होल्ट कायम हजर. वायर लावली की प्रवाह सुरू. टाइप-सी चार्जरच्या तोंडाशी मात्र काहीच जोडलेले नसताना वीज नसते. आधी तो चाचपून पाहतो की पलीकडे वीज मागणारे उपकरण आहे की नाही. हे चाचपणे सीसी नावाच्या दोन पिनांवर चालते. चार्जर आपल्या बाजूने त्या पिना एका रेझिस्टरमधून वरच्या व्होल्टेजला ओढून धरतो. उपकरणाने आपल्या बाजूला प्रत्येक सीसी पिनेपासून ग्राउंडपर्यंत ५.१ किलोओहमचा वेगळा रेझिस्टर लावलेला असावा, असा नियम. चार्जरचा आणि उपकरणाचा असे दोन रेझिस्टर एकामागे एक आले की मधल्या बिंदूचे व्होल्टेज ठरून जाते. चार्जरच्या बाजूला पाच व्होल्ट आणि ५६ किलोओहम असतील, तर मधे सुमारे ०.४ व्होल्ट, २२ किलोओहम असतील तर ०.९४; १० किलोओहम असतील तर १.७ च्या आसपास. चार्जर आकडा वाचतो, उपकरण असल्याची खात्री करून घेतो आणि मगच पाच व्होल्ट सोडतो. उपकरणालाही हवे तर तोच आकडा वाचून कळते की किती प्रवाह ओढण्याची परवानगी आहे: नेहमीचा यूएसबीचा, दीड अँपिअर की तीन. उपकरणाच्या बाजूला त्यासाठी खास चिप नाही, प्रोग्रॅम नाही. दहावीच्या पुस्तकातला ओहमचा नियम, बस्स. इतक्या कमी सामग्रीत इतके काम करणारी रचना मला तरी फारशी आठवत नाही.

उपकरणाच्या बाजूचे हे दोन रेझिस्टर बोर्डावर नसतील तर काय होते, ते आपल्यापैकी अनेकांनी न कळत अनुभवलेले आहे. बाजारातला स्वस्त टॉर्च, ट्रिमर किंवा हातपंखा आठवा. जॅक टाइप-सीचा, खोक्यातल्या वायरने चार्ज होतो, पण फोनच्या नव्या चार्जरला, म्हणजे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरने जोडला की ढिम्म. वस्तू बिघडलेली नसते. बनवणाऱ्याने काही पैशांचे दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. खोक्यातल्या वायरचे दुसरे टोक जुन्या चपट्या प्रकारचे असते, तिथे वीज न मागता मिळते, म्हणून फसवणूक लपून जाते.

रेझिस्टर दोन हवेत, हेही महत्त्वाचे. वायरमध्ये सीसीची तार एकच असते. प्लग सुलटा आहे की उलटा, यावर ती कोणत्या पिनेला भिडेल ते ठरते. मग दोन्ही पिना एकत्र जोडून एकाच रेझिस्टरवर का भागवू नये? हा विचार जून २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाच्या आखणीत झाला होता. साध्या वायरने तो चालला. पण महागड्या वायरींच्या टोकात स्वतःची ओळख सांगणारी चिप असते आणि तिचा सुमारे एक किलोओहमचा रेझिस्टर दुसऱ्या सीसी पिनेवर येतो. पिना जोडलेल्या असल्याने दोन्ही रेझिस्टर समांतर झाले, चार्जरला भलताच आकडा दिसला, त्याने समोर हेडफोनचा अडॅप्टर आहे असे धरले आणि वीज दिलीच नाही. पुढच्या आवृत्तीत ही चूक सुधारली गेली. लाखोंनी विकल्या जाणाऱ्या वस्तूत हे घडू शकते, तर घरच्या टेबलावर आखलेल्या बोर्डाचे काय सांगावे.

लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर लावला तर बिचारा कॅलक्युलेटर जळणार नाही ना, अशी शंका हमखास येते. नाही. पाचहून जास्त व्होल्ट हवे असतील तर उपकरणाला सीसीच्या तारेवरून डिजिटल संदेशांनी ते मागावे लागतात. नुसत्या रेझिस्टरला ही भाषा येत नाही. त्यामुळे चार्जर पाच व्होल्टवरच थांबतो, आणि किती प्रवाह ओढायचा हे कॅलक्युलेटरच ठरवतो.

एक गोष्ट मात्र या साध्या बोर्डाने हातची जाते. मिनी पोर्टची आयडी नावाची पिन ग्राउंडला टेकली की कॅलक्युलेटर स्वतः यजमान होतो; दोन कॅलक्युलेटर वायरने जोडून प्रोग्रॅम देता-घेता येतात ते त्यामुळे. टाइप-सीमध्ये आयडी पिनच नाही. ती सोय टिकवायची तर सीसी पिना वाचून आयडीचा जुना संकेत तयार करणारी चिप बोर्डावर हवी. अशी एक चिप म्हणजे टीयूएसबी३२०: जेमतेम १.६ मिलिमीटरचा चौकोन, आणि बनवणारी कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स! एका विभागाच्या कॅलक्युलेटरची अडचण दुसऱ्या विभागाच्या कॅटलॉगमध्ये सुटलेली आहे. हौशी लोक बहुधा तिच्या वाटेला जात नाहीत. एवढी चिप हाताने सोल्डर करणे म्हणजे डोळ्यांची परीक्षा, आणि वायरने प्रोग्रॅम वाटणारे मित्रही हल्ली कमीच.

आखणीसाठी कायकॅड हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. फ्रान्समधल्या झाँ-पिएर शारास यांनी ते १९९२ मध्ये सुरू केले आणि पुढे सर्न या संशोधन संस्थेनेही त्यात भर घातली. बोर्डाची जाडी नेहमीची १.६ मिलिमीटर ठेवली तर जॅक कवचाच्या तोंडापेक्षा वर जातो, म्हणून ०.८ किंवा त्याहून पातळ बोर्ड मागवतात. कडेला अर्धी कापलेली, आतून तांबे चढवलेली भोके ठेवली की तो थेट जुन्या पट्ट्यांवर सोल्डर होतो. रेझिस्टर एक मिलिमीटर लांब आणि अर्धा रुंद, मोहरीच्या दाण्याहून लहान. शिंकेसरशी हरवतो.

सोल्डरिंगआधी बॅटरी काढायची, यात तडजोड नाही. गरम हवेचा झोत आणि लिथियम-आयन यांची भेट होता कामा नये. जुना जॅक काढताना मोह होतो तो ओढण्याचा. शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळते आणि जॅकचे धातूचे कवच ग्राउंडच्या मोठ्या तांब्याला जोडलेले असल्याने उष्णता सतत निसटत राहते. चार पिना सुटल्या, पाचवी धरून बसली आणि हात ओढला, की पट्टीच बोर्डावरून सोलून निघते. जाणकार आधी १८३ अंशांना वितळणारे शिशाचे सोल्डर त्यात मिसळतात, भरपूर फ्लक्स घालतात आणि जॅक आपोआप हलेपर्यंत थांबतात. नवा बोर्ड बसवताना त्याचेही कवच भक्कम जोडायला हवे. वायर रोज आत-बाहेर करताना बसणारा हिसका पाच नाजूक पट्ट्यांनी सोसायचा नसतो.

असा कॅलक्युलेटर परीक्षेला नेण्याआधी शाळेला विचारून घ्यावे. उघडून बदललेल्या यंत्राबद्दल पर्यवेक्षकाने हरकत घेतली, तर ओहमचा नियम कामी येणार नाही.

कवच बंद करण्याआधी तपासणी. मल्टिमीटरने दोन्ही सीसी पिना ग्राउंडशी वेगवेगळ्या मोजायच्या, दोन्हीकडे ५.१ किलोओहम दिसले पाहिजेत, आणि पाच व्होल्टची तार ग्राउंडशी जुळलेली नाही हेही पाहायचे. मग बॅटरी जोडून दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली वायर लावायची. चार्जिंगचे चिन्ह आले की प्लग काढून उलटा करून पुन्हा लावायचा. एकाच बाजूने चार्ज होत असेल, तर दोनपैकी एक रेझिस्टर नीट टेकलेला नाही.