मोठ्या फिशटँकसाठी रंगीत मासे निवडताय? आधी घरचं पाणी ओळखा

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे 250 लिटर पाणी मावतं. एवढी टाकी घरात आली की पहिला प्रश्न पडतो: कोणते रंगीत मासे आणायचे? पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात याचं उत्तर दुकानात नाही, तुमच्या नळात आहे. एका सोसायटीत छान खुललेला मासा दुसऱ्या सोसायटीत महिन्याभरात आजारी पडू शकतो, कारण दोन्हीकडचं पाणी वेगळं असतं.

तुमच्या नळाला कोणतं पाणी येतं?

महापालिकेचं बरंचसं पाणी मावळातल्या पवना धरणातून येतं. ते रावेत बंधाऱ्यावरून उचलून निगडीत शुद्ध केलं जातं. पावसाचं साठलेलं हे पाणी तुलनेनं मृदू असतं. याउलट चाकण, मोशीसारख्या भागांत अनेक सोसायट्या बोअर किंवा टँकरवर चालतात. बोअरचं पाणी खडकात मुरून येतं, त्यामुळे त्यात क्षार जास्त असतात. बादलीवर पांढरे डाग पडत असतील आणि साबणाला फेस कमी येत असेल, तर तुमचं पाणी जड आहे. खात्रीसाठी अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीनं पीएच आणि कठीणता मोजा. पाणी जड निघालं म्हणून टाकी नुसत्या आरओच्या पाण्यानं भरू नका, त्यात माशांना लागणारे क्षार उरत नाहीत.

कोणत्या पाण्यात कोणते मासे?

मृदू पाणी असेल तर: 20 निऑन किंवा कार्डिनल टेट्रा, पर्ल गुरामीची एक जोडी आणि तळाशी फिरणारे 6 कोरिडोरस. लाल-निळ्या टेट्रांचा थवा मोठ्या टाकीतच शोभून दिसतो. यांच्यासोबत एंजल मात्र नको, तो मोठा झाला की टेट्रा खातो.

जड पाणी असेल तर: मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल, गप्पी. यांना क्षार मानवतात. आणखी भडक रंग हवे असतील तर आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड पाहा. तिथल्या पाण्याचा पीएच साधारण 7.8 ते 8.6 असतो. पिवळे, निळे, पट्ट्यांचे हे मासे समुद्रातल्या माशांइतके रंगीत दिसतात, पण भांडखोर असतात. त्यांना दगडांच्या कपारी द्या आणि इतर जातींमध्ये मिसळू नका.

दोन्हींच्या मधलं पाणी असेल तर: 8 ते 10 रेनबो फिश. बोसमनी रेनबोचा पुढचा भाग निळसर आणि मागचा नारिंगी असतो.

दुकानातला रंग फसवतो

लहान बोसमनी दुकानात फिका, राखाडी दिसतो. त्याचा खरा रंग यायला वर्षभर लागू शकतं. उलट काही पारदर्शक काचमाशांना सुईनं रंग टोचलेला असतो. तो काही महिन्यांत उतरतो आणि मासा त्या जखमांनी आजारी पडतो. अनैसर्गिक गुलाबी किंवा हिरवे ठिपके दिसले, तर असा मासा घेऊ नका.

मासे कधी आणायचे?

टाकी भरली त्याच दिवशी मासे सोडणं ही सर्वांत महागात पडणारी घाई. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. जड, अल्कधर्मी पाण्यात अमोनिया जास्त विषारी ठरतो, म्हणून बोअरवाल्यांनी इथे अधिक सांभाळावं. त्यानंतरही मासे थोडे थोडे आणा.

इथल्या तीन अडचणी

पाणी: नोव्हेंबर 2019 मध्ये महापालिकेनं दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. टाकीचं पाव पाणी, म्हणजे सुमारे 60 लिटर, दर आठवड्याला बदलावं लागतं. पाणी येईल त्या दिवशी एक ड्रम भरा आणि 24 तास उघडा ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. घाई असेल तर क्लोरीन काढणारे थेंब वापरा.

वीज: या भागात दुरुस्तीची कामं बहुतेकदा गुरुवारी निघतात. मोठ्या टाकीत हवा बंद पडली की मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ ठेवा. तुमची शिफ्ट बदलत असेल तर दिव्याला टायमर लावा, रोज 8 तास उजेड पुरतो.

थंडी: डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे टाकीचं पाणीही गार होतं. 250 लिटरला एकाऐवजी दोन हीटर लावा, म्हणजे एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. गोल्डफिशला गार पाणी आवडतं, म्हणून त्याला टेट्रांसोबत ठेवू नका.

मोठा झालेला मासा कुठे जातो?

दुकानात दोन इंची दिसणारा ऑस्कर फूटभर वाढतो. काच साफ करतो म्हणून घेतलेला सकर दीड फुटापर्यंत जाऊ शकतो आणि रेड टेल कॅटफिश तर तीन फूटही ओलांडतो. मग अनेक जण ‘सोडून देऊ’ म्हणत नदीवर जातात. हीच खरी धोक्याची गोष्ट. पवना दापोडीला मुळेला मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेला, आणि हे सगळं पाणी पुढे उजनीत जातं. 1952 मध्ये मत्स्यपालनासाठी भारतात आणलेला तिलापिया आज त्याच उजनीत ‘चिलापी’ म्हणून जाळी भरतो. परका मासा एकदा रुजला की त्याला परत काढता येत नाही. नकोसा झालेला मासा दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या छंदी माणसाला द्या.

म्हणून दुकानात शिरताना तीन प्रश्न विचारा: हा मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो? त्याला कसं पाणी लागतं? तो कोणासोबत राहतो? तिन्ही उत्तरं जुळली की मगच रंग निवडा.