बहरातील स्थलांतर

बेळ्ळंदूर हे नाव बंगळुराबाहेरच्या वाचकास बहुधा तेथील तलावावरच्या फेसामुळे आणि 2017 व 2018 साली तेथे भडकलेल्या आगींमुळे परिचित असते. परंतु त्याच तलावापासून आउटर रिंग रोडपर्यंत उभ्या राहिलेल्या बहुमजली इमारतींकडे मान वर करून पाहिले, तर सज्जासज्जांतून तुळस, कढीपत्ता, जास्वंद आणि दिवाळीच्या सुमारास रोपवाटिकेतून फुलांसकट उचलून आणलेली शेवंती दृष्टीस पडते. पुण्या-नाशकाकडून नोकरीनिमित्त येऊन येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनाही हा छंद जडला आहे, आणि बाग म्हणून वाट्याला आलेली जागा जेमतेम दोन हात रुंदीची असल्याने या छंदात एक प्रश्न वरचेवर उपस्थित होतो: फुलावर आलेले झाड मोठ्या कुंडीत हलवावे की हलवू नये? माझे मत प्रारंभीच नोंदवून ठेवतो. शक्य तोवर हलवू नये.

रोप विकत घेणाऱ्याची बाजू समजण्यासारखी आहे. पाच इंची प्लास्टिकच्या कुंडीत वीतभर उंचीचे झुडूप, त्यावर पंचवीस-तीस फुले व तितक्याच कळ्या, आणि खाली कोकोपीटचा मूठभर गोळा. असा हा विषम संसार पाहिला की कोणाही कनवाळू माणसास त्या मुळांची दया येते व तो त्याच सायंकाळी बारा इंची कुंडी, तांबडी माती आणि शेणखत यांची जुळवाजुळव करू लागतो. दया स्तुत्य असली तरी मुहूर्त चुकलेला असतो. झाडाला पाणी शोषून देण्याचे काम जाड मुळे करीत नाहीत. ते त्यांच्या टोकांजवळच्या, डोळ्यांस क्वचितच दिसणाऱ्या केशमुळांकडे असते, आणि गोळा हाताळताना सर्वप्रथम तुटतात ती हीच. एरवी ही हानी झाड काही दिवसांत भरून काढते. बहराच्या काळात मात्र पानांनी तयार केलेल्या शर्करेवर पहिला हक्क फुलांचा असतो, मुळांच्या वाट्यास उरलेसुरले येते, आणि इकडे पाकळ्यांतून व पानांतून पाण्याचे बाष्पीभवन अव्याहत चालूच असते. आवक घटलेली आणि खर्च तसाच, अशा दुष्काळी जमाखर्चात झाड सर्वांत अलीकडची जबाबदारी आधी झटकून टाकते. कळ्या पिवळ्या पडतात, उमलण्यापूर्वीच गळतात, आणि धन्याला वाटते की पाणी कमी पडले, म्हणून तो आणखी पाणी घालतो. मोठ्या कुंडीतील ज्या भागात अद्याप एकही मूळ पोहोचलेले नाही तेथे ते पाणी साठून राहते, माती आंबते व मुळे कुजू लागतात. त्यातच ताज्या खतातील नत्राने झाडाला फुलांऐवजी पालवी फोडण्याचा आग्रह धरलेला असतो, तो वेगळाच.

कुंडीचे आकारमान गौण आहे असा याचा अर्थ नव्हे. 2012 साली पोर्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुंडीतील वनस्पतींवरचे अनेक प्रयोग एकत्र पडताळून असा निष्कर्ष काढला की, कुंडीचे घनफळ दुप्पट केल्यास वनस्पतीचे एकूण वजन सरासरीने 43 टक्क्यांनी वाढते. मोठी कुंडी हितावहच आहे. फक्त ती वाढीच्या दिवसांत मिळावयास हवी.

आणि येथेच बंगळुराचा भूगोल आडवा येतो. शेवंती ही ऱ्हस्वदिनी वनस्पती आहे, म्हणजे रात्र पुरेशी दीर्घ झाली की ती कळी धरते. हे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे तेरा अंशांवर वसलेले असल्याने येथील दिवस ऐन जूनमध्येही तेरा तासांच्या पलीकडे जात नाही, आणि शेवंतीच्या पुष्कळ वाणांच्या दृष्टीने तो ‘लांब’ दिवस ठरतच नाही. परिणामी रोप अंगाने भरण्यापूर्वीच फुलावर येते. चिकबळ्ळापूर, दोड्डबळ्ळापूर या बाजूंचे फूलशेतकरी हे मर्म जाणतात, म्हणूनच रात्री शेवंतीच्या शेतांवर दिव्यांच्या माळा पेटवून ते रोपांना रात्र लहान असल्याचा भास करून देतात आणि झाड हवे तेवढे वाढले की दिवे मालवतात. रस्त्यावरून जाणाऱ्यास तो एखाद्या लग्नघराचा थाट वाटावा.

दिवसमानाचा हा नियम 1920 साली अमेरिकेच्या कृषिखात्यातील गार्नर व अॅलर्ड यांनी तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांनी सिद्ध केला, असे सर्वत्र सांगितले जाते व ते यथार्थही आहे. पण त्याच्या काही वर्षे आधी ज्यूलियँ तूर्न्वा या तरुण फ्रेंच संशोधकास, दिवसाचा प्रकाश कमी केल्यावर हॉप आणि भांगेची रोपे अकाली फुलतात असे आढळले होते. 1914 च्या महायुद्धात तो मारला गेला आणि त्याचे काम तेथेच थांबले. शेवंती आणि गांजा ही कुळाने परस्परांपासून फार दूरची झाडे, पण रात्र मोजण्याच्या बाबतीत दोघांचे पंचांग एकच.

फुलाच्या वेळी मुळे हलवू नयेत याची सर्वांत भक्कम साक्ष मला त्या दुसऱ्या झाडाच्या जुन्या लागवडीत सापडते. इंग्रजी अमदानीत गांजाचे पीक परवान्याने घेतले जाई व त्यावर अबकारी खात्याची करडी नजर असे. मध्यप्रांतात ते खंडवा तहसिलीपुरते मर्यादित होते, मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा त्यासाठी प्रसिद्ध होता, आणि बंगालमध्ये राजशाहीकडील नौगाव हे त्याचे मुख्य ठाणे. 1893-94 च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने अकराशेहून अधिक साक्षी नोंदवून सात खंडांचे जे दप्तर मागे ठेवले, त्यात नौगावच्या शेतकऱ्यांची रीत तपशिलाने येते: ऑगस्टमध्ये वाफ्यात बी टाकावयाचे, वीत-दीड वीत उंचीची रोपे सप्टेंबरात शेतात लावावयाची, आणि पुढे फुलोऱ्याची चिन्हे दिसू लागली की ‘पोद्दार’ नावाच्या पारखी माणसास मजुरीवर बोलावून नरझाडे तेवढी उपटून टाकावयाची. मादीझाडास मात्र सप्टेंबरानंतर जागेवरून हलविण्याचा प्रश्नच नव्हता. ज्यांचा शेतसारा आणि पोट दोन्ही त्या फुलोऱ्यावर अवलंबून होते, त्यांनी स्थलांतर रोपावस्थेतच उरकून घेतले.

आज बेळ्ळंदूरच्या सज्जात हे झाड लावण्याची कोणी कल्पनाही करू नये. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985 याच्या कलम 8 अन्वये विनापरवाना लागवडीस मनाई आहे आणि कलम 20 प्रमाणे तिला दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शेत एकराचे की कुंडी दहा इंची, असा भेद मनाई करताना कायदा करीत नाही. 2024 च्या नोव्हेंबरात याच शहरातील सदाशिवनगर भागात एका दांपत्यास सज्जातील कुंड्यांत गांजा लावल्यावरून अटक झाली. त्यांनी आपल्या बागेची चित्रफीत कौतुकाने फेसबुकवर टाकली होती, आणि पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी पाने ओळखली.

शेवंतीकडे परत येऊ. अपवाद असतो तो असा: सकाळी घातलेले पाणी क्षणार्धात तळातून निघून जाते, दुपारी झाड माना टाकते, आणि कुंडी उलटी करून काठावर थाप मारली असता बाहेर येणाऱ्या गोळ्यात मातीपेक्षा मुळेच अधिक, शेवयांच्या गुंडाळीसारखी परस्परांत अडकलेली दिसतात. अशा वेळी हलविणे भाग असेल, तर आदल्या दिवशी पाणी देऊन ठेवावे, ऊन उतरल्यावर काम काढावे, आणि नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंचांहून अधिक रुंद घेऊ नये. पुस्तके एरवी मुळे मोकळी करावयास सांगतात. बहरात तो सल्ला बाजूस ठेवावा, गोळा अखंड उचलून तसाच बसवावा, भोवतालच्या फटीत खत न मिसळलेली माती बोटांनी दाबून भरावी व खोड पूर्वी जितके मातीत होते तितकेच ठेवावे. उमललेली फुले आणि निम्म्या कळ्या खुडून घ्याव्यात, हे सांगताना माझाही हात आखडतो, पण त्यांचा भार उतरल्याखेरीज मुळांना उसंत मिळत नाही. पुढे चार-पाच दिवस सावली.

याहून सोपी एक युक्ती मला अधिक पसंत आहे. झाड मुळीच न काढता जुनी कुंडी तशीच मोठ्या कुंडीत ठेवावी आणि मधली पोकळी ओल्या कोकोपीटने भरावी. भिंतीच्या तापाने कुंडी तडकून निघण्याचे थांबते, पाणी अधिक वेळ टिकते, आणि मुळांना कोणाचा हात लागत नाही. मात्र जिन्यातला किंवा वाहनतळावरचा दिवा रात्रभर सज्जावर पडत असेल, तर ती शेवंती पुढच्या हंगामात नुसती पालाच वाढवील. तिला सायंकाळनंतर अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवावे.

फुले सुकली की, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, फांद्या मातीपासून चार बोटे राखून छाटाव्यात. थोड्याच दिवसांत बुडापासून हिरवे धुमारे फुटतात, ते मुळांसकट अलग करून लहान कुंड्यांत लावावेत आणि पावसाळ्यापर्यंत त्यांना एकेक पायरी मोठी कुंडी देत जावे. बारा इंची कुंडी त्यांच्या हवाली करावयाची ती ऑगस्टमध्ये, कळीचा मागमूसही नसताना.