रंग द्यायचाच असेल, तर सागवान हवे की एमडीएफ?

वाशिम, प्रतिनिधी : सोयाबीनचा हंगाम आटोपून हाती पैसा आला, की जिल्ह्यात घरबांधणीच्या आणि दुरुस्तीच्या कामांना वेग येतो. भिंतींना प्लास्टर झाले, फरशी बसली, की सुताराशी बोलणी सुरू होतात आणि तेथेच अनेक कुटुंबांपुढे पेच उभा राहतो. दारांच्या चौकटी, त्यांभोवतीच्या पट्ट्या, स्वयंपाकघरातील कपाटे आणि भिंतीतील फडताळांचे पल्ले लाकडात करावेत की एमडीएफमध्ये? वडीलधाऱ्यांचा कौल सागवानाला असतो, तर दुकानदार एमडीएफचे गुळगुळीत नमुने पुढे ठेवतो. कष्टाने साठवलेली पुंजी या कामात खर्ची पडत असल्याने निर्णय चुकल्यास त्याची किंमत पहिल्याच पावसाळ्यात मोजावी लागते. कोणत्या जागी पाणी, वजन आणि वाळवी यांचा संबंध येणार आहे, तसेच वर रंग बसणार आहे की पॉलिश, हे आधी ठरवले, तर हा पेच बराचसा सुटतो.

सागवानावरील विश्वास

विदर्भात सागवानाला मिळणारा मान निराधार नाही. कारंजा (लाड) येथील काष्ठासंघ जैन मंदिर लाकडी कोरीव कामासाठी ओळखले जाते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील साग देशभर नावाजलेला असून, अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये येथूनच सागवान पाठविण्यात आले होते. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्ये असतात. त्यामुळे वाळवी आणि बुरशी यांना तो सहजी दाद देत नाही.

मात्र हा गुण गाभ्याच्या तपकिरी लाकडाचा आहे. खोडाच्या बाहेरील पांढरट भागाला वाळवी लागते. कमी वयाच्या झाडात या भागाचे प्रमाण अधिक असते आणि एकदा रंग चढला, की तो ओळखू येत नाही. म्हणूनच रंग द्यावयाच्या कामात लाकूड प्रायमर लावण्यापूर्वीच पारखून घेणे आवश्यक ठरते.

शेताच्या बांधावरील साग वापरण्याचा विचार असल्यास महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ अन्वये तोडीची परवानगी आधी घ्यावी लागते. शिवाय ताजे लाकूड लगेच वापरता येत नाही. फळ्यांच्या मध्ये पट्ट्या ठेवून, सावलीत रचून ते काही महिने वाळू द्यावे लागते.

एमडीएफ म्हणजे काय?

एमडीएफ म्हणजे मध्यम घनतेचा तंतुफलक. लाकडाचे बारीक तंतू करून, त्यात रासायनिक राळ मिसळून, उष्णता आणि दाब देऊन हा बोर्ड तयार करतात. अमेरिकेत १९६६ मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. आपल्याकडे त्यासाठी प्रामुख्याने निलगिरी, पॉपलर अशी लवकर वाढणारी झाडे वापरली जातात. भुशाच्या व चिपांच्या पार्टिकल बोर्डाशी अनेकदा त्याची गल्लत होते. प्रत्यक्षात एमडीएफ अधिक घट्ट आणि एकजिनसी असतो.

त्यात रेषा नसतात, गाठी नसतात. रंगाच्या दृष्टीने हाच त्याचा मोठा गुण होय. सागवानाच्या किमतीत त्याच्या रेषांच्या सौंदर्याचे मोल धरलेले असते. त्यावर ऑईल पेंट चढवला, की ते सौंदर्य झाकले जाते. शिवाय सागातील तेलकटपणामुळे रंग नीट न धरण्याचा संभव असतो.

वाशिमचे हवामान आणि रंगाला जाणारे तडे

जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. जून ते सप्टेंबर या काळात तीच हवा दमट असते. लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. लांबीत ते फारसे बदलत नाही, रुंदीत मात्र फुगते व आकसते. दीड फूट रुंदीच्या सागवानी जोडफळीतील ओलाव्यात ६ टक्क्यांचा फरक पडला, तर तिची रुंदी सुमारे ४ ते ५ मिलिमीटरने बदलू शकते. इतर अनेक लाकडांच्या तुलनेत साग कमी हलतो, तरीही हा फरक पडतो. उन्हाळ्यात अगदी घट्ट बसवलेले दार पावसाळ्यात अडते आणि पावसाळ्यात रंगवलेल्या पल्ल्याच्या सांध्यांवर उन्हाळ्यात बारीक तडे दिसू लागतात, त्याचे कारण हेच. पॉलिशच्या कामात हे तडे लपतात; पांढऱ्या किंवा फिकट रंगावर ते उठून दिसतात.

एमडीएफची रुंदी ऋतुमानानुसार तुलनेने फारच कमी बदलते. त्यामुळे रुंद, सपाट आणि रंगवलेल्या पल्ल्यांसाठी तो अधिक सोयीचा ठरतो.

एमडीएफ कोठे हरतो?

पाणी हा एमडीएफचा शत्रू आहे. कडेतून पाणी शिरले, की तंतू फुगतात, बोर्ड जाड होतो आणि वाळल्यानंतरही मूळ आकारात परतत नाही. सिंकखाली, न्हाणीघरात किंवा फरशी रोज धुतली जाते तेथे जमिनीलगत तो वापरणे टाळावे. बाजारात 'एचडीएचएमआर' नावाने मिळणारे बोर्ड ओलाव्याला अधिक तोंड देतात. पण सतत साचणाऱ्या पाण्यात तेही टिकतील, असे गृहीत धरू नये.

दुसरी मर्यादा वजनाची. ८ बाय ४ फुटांचा १८ मिलिमीटर जाडीचा बोर्ड सुमारे ४० किलोचा भरतो. पल्ले जड होत असल्याने बिजागऱ्याही दणकट लागतात. बोर्डाच्या कडेत स्क्रू नीट धरत नाही. आधी बारीक छिद्र न पाडता स्क्रू पिळला, तर कड फाटते. धान्याच्या डब्यांचे ओझे पेलणारा लांब कप्पा मध्ये झुकतो. त्याला साधारण २ फुटांवर आधार द्यावा. एमडीएफलाही वाळवी लागते, त्यामुळे बांधकामाच्या वेळीच वाळवीप्रतिबंधक उपचार करून घेणे हिताचे.

कोठे काय वापरावे?

दाराची चौकट भिंतीतील ओलावा, बिजागऱ्यांचा भार आणि वाळवी या तिन्हींना तोंड देते. तेथे वाळलेले, गाभ्याचे लाकूडच हवे. बाहेरील दारे-खिडक्यांनाही एमडीएफ वर्ज्य. स्वयंपाकघरातील ओट्याखालच्या कपाटांचा सांगाडा, विशेषतः सिंकजवळचा, आयएस ७१० मानकाच्या सागरी प्लायचा करावा. वरच्या कपाटांचे पल्ले, झोपण्याच्या खोलीतील कपाटांची दारे, चौकटीभोवतीच्या रंगवावयाच्या पट्ट्या, ही कामे कोरड्या जागी एमडीएफमध्ये उत्तम होतात. पट्टी फरशीपर्यंत नेताना तळाला थोडी फट ठेवावी, म्हणजे पुसण्याचे पाणी आत चढणार नाही. लाकडी पल्लेच हवे असतील आणि त्यांना रंग द्यायचा असेल, तर सागाऐवजी शिवणीचा विचार करता येईल. हे लाकूड हलके असून ओलाव्याने कमी हलते.

रंगापूर्वीची तयारी

एमडीएफचा पृष्ठभाग रंग चांगला घेतो. पण कापलेल्या कडा टीपकागदासारख्या तो शोषतात. कडांना प्रायमरचे किमान दोन हात द्यावेत आणि दोन हातांच्या मध्ये पॉलिश पेपरने घासावे. पहिला हात थिनरमध्ये मिसळणाऱ्या प्रायमरचा द्यावा, कारण पाण्यातील प्रायमरने तंतू उभे राहतात. पल्ला दोन्ही बाजूंनी सारखाच रंगवावा. एक बाजू कोरी राहिली, तर तो वाकण्याचा धोका असतो. सागवानावर प्रायमरपूर्वी थिनरचे फडके फिरवून तेलकटपणा काढून घ्यावा.

बोर्ड घेताना आयएस १२४०६ हे मानक आणि आयएसआय चिन्ह पाहावे. बोर्डातील राळेतून फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याचा समावेश मानवात कर्करोग घडविणाऱ्या द्रव्यांत केला. त्यामुळे कमी उत्सर्जनाचा 'ई-१' दर्जाचा बोर्ड मागावा, सर्व कडा रंगाने बंद कराव्यात आणि काम झाल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात. लाकडाची धूळही त्याच संस्थेच्या यादीत आहे. लाकूड असो वा बोर्ड, कापणाऱ्या सुताराच्या तोंडावर मास्क असलाच पाहिजे आणि कापकाम उघड्यावर व्हावे.

सुताराशी ठराव करताना संपूर्ण घरासाठी एकच साहित्य ठरवून मोकळे होण्याऐवजी जागेनुसार यादी करावी. चौकटीत वाचवलेला पैसा पुढे दुपटीने जातो, तर रंगाखाली झाकल्या जाणाऱ्या पल्ल्यात उंची सागवान घालून पदरात फारसे काही पडत नाही.