अकराशे भागांची कथा

जपानमध्ये चित्रे हलती करून दाखविलेल्या कथांना 'ॲनिमे' असे म्हणतात. 'ॲनिमेशन' या इंग्रजी शब्दाचे जपानी लोकांनी केलेले हे आटोपशीर रूप आहे. आपल्याकडील मुलांच्या परिचयाचा डोरेमॉन हा ॲनिमेच होय. त्याची गोष्ट कोठूनही पाहावी. आजचा भाग कळण्यासाठी कालचा भाग पाहिलेला असावा लागत नाही. 'साझाए-सान' ही एका जपानी कुटुंबाची मालिका तर १९६९ सालच्या ऑक्टोबरात सुरू झाली. दर रविवारी संध्याकाळी ती दाखवितात. अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी त्या घरातील शाळकरी मुले अद्याप शाळकरीच आहेत! अशी मालिका आरंभावी की नाही, हा प्रश्न कोणालाही पडत नाही. मनास येईल तेव्हा पाहावी आणि कंटाळा येताच उठावे.

'वन पीस' या मालिकेची गोष्ट निराळी आहे. ती एकच सलग कथा आहे, आणि तिचे अकराशेहून अधिक भाग झाले आहेत. लुफी नावाच्या मुलाने एक विलक्षण फळ खाल्ल्यामुळे त्याचे शरीर रबरासारखे ताणले जाते. परंतु त्याच फळामुळे त्याला पोहता मात्र येत नाही. असा हा मुलगा समुद्रावर निघतो. एका मृत चाचेराजाने कोठेतरी दडवून ठेवलेला ठेवा शोधून काढावा आणि स्वतः चाच्यांचा राजा व्हावे, ही त्याची आकांक्षा. वाटेत त्याला एकेक सोबती मिळत जातो. कथा अद्याप संपलेली नाही.

एवढी मोठी मालिका पाहावयास घ्यावी काय? प्रथम साधे गणित करू. गीते आणि मागील कथेची उजळणी वगळली, तर एक भाग सुमारे वीस मिनिटांचा भरतो. अकराशे भागांची बावीस हजार मिनिटे, म्हणजे साडेतीनशेहून अधिक तास झाले. रोज एक भाग पाहणाऱ्यास तीन वर्षे लागतील. अकराव्या वर्षी आरंभ करणारी मुलगी चौदा वर्षांची होईल, आणि तोपर्यंत नवे भाग निघतच राहतील. रविवारी दोनच भाग पाहणाऱ्यास तर दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. इतका वेळ कोणत्याही गोष्टीस द्यावयाचा, तर ती इतकी लांब का झाली हे जाणून घेणे इष्ट आहे.

या कथेचे कर्ते एईचिरो ओदा यांनी ती प्रथम कागदावर चितारली. जपानी भाषेत अशा चित्रकथेस 'मांगा' म्हणतात. जुलै १९९७ मध्ये 'शोनेन जंप' या साप्ताहिकात ती प्रसिद्ध होऊ लागली. पाच वर्षांत ती संपवावी असे ओदांच्या मनात होते. परंतु या साप्ताहिकाची एक रीत आहे. कोणत्या कथा आवडल्या हे वाचक कळवितात. ज्यांना पसंती मिळत नाही त्या लवकरच बंद होतात, आणि लोकप्रिय कथा चालू राहतात. 'वन पीस' अतिशय लोकप्रिय झाली. कथेला फाटे फुटत गेले, आणि पुस्तकरूपाने तिचे शंभराहून अधिक खंड निघाले.

ऑक्टोबर १९९९ मध्ये याच कथेचा ॲनिमे दूरचित्रवाणीवर दिसू लागला, आणि तेथे एक अडचण उभी राहिली. ओदा आठवड्यास एक प्रकरण काढणार, ॲनिमेचाही आठवड्यास एक भाग होणार. एका भागात दोन-तीन प्रकरणे सहज संपतात. मग ॲनिमे मूळ कथेला गाठणार नाही काय? यावर निर्माते दोन उपाय करीत आले आहेत. एक म्हणजे मूळ कथेत नसलेल्या गोष्टी मध्येच रचून घालणे. 'नारुतो' या दुसऱ्या प्रसिद्ध मालिकेच्या पहिल्या पर्वात २२० भाग आहेत. त्यांतील अखेरचे सुमारे ऐंशी भाग बहुतांशी असेच भरीचे आहेत. दुसरा उपाय म्हणजे कथेची चाल मंद करणे. 'वन पीस' च्या उत्तरार्धात मुख्यत्वे हाच उपाय योजलेला दिसतो. एक पात्र चकित होते, मग त्याच्या शेजारचे चकित होते, मग सारी सेना चकित होते. तोवर पाच मिनिटे सरलेली असतात! खरे सांगावयाचे, तर या भागांतील संथपणास कलेचे नाव देता येणार नाही. ती केवळ वेळ काढण्याची युक्ती आहे. निर्मात्यांनाही हे उमगले असावे, कारण २०२६ पासून वर्षभरात अधिकांत अधिक २६ भागच दाखविण्याचे त्यांनी २०२५ साली जाहीर केले. ज्यांना हा मंदपणा सोसवत नाही, त्यांनी मूळ चित्रकथा वाचावी. तिचे एक प्रकरण काही मिनिटांत वाचून होते.

तथापि लांबीचा एक लाभही आहे, आणि तो आखूड कथेत मिळणे कठीण. बासष्टाव्या व त्रेसष्टाव्या भागांत लबून नावाचा एक प्रचंड देवमासा आपल्याला भेटतो. पन्नास वर्षांपूर्वी त्याच्या खलाशी मित्रांनी त्याला एका दीपगृहापाशी ठेवले, आणि परत येण्याचे वचन देऊन ते पुढे गेले. ते आलेच नाहीत. लबून मात्र अजून वाट पाहत आहे; तो समोरच्या कड्यावर डोके आपटून घेतो. लुफी त्याची समजूत घालतो आणि पुढे निघतो. कथा दुसऱ्या बेटांवर जाते, नवी संकटे येतात, आणि प्रेक्षक लबूनला जवळजवळ विसरतो. पुढे सुमारे तीनशे ऐंशीव्या भागापाशी त्या खलाशांचे काय झाले ते अकस्मात उलगडते. ते येथे सांगून टाकणे उचित होणार नाही. जपानी मुलांनी लबूनला २००१ साली पाहिले, आणि उत्तर त्यांना २००८ साली मिळाले. दहा वर्षांची मुले तोपर्यंत सतरा वर्षांची झाली होती. वाट पाहणे म्हणजे काय, हे कथेने त्यांना शब्दांत सांगितले नाही. त्यांना स्वतःलाच वाट पाहावयास लावले.

तेव्हा सारे अकराशे भाग पाहण्याचा संकल्प प्रथमच सोडण्याचे कारण नाही. या कथेचे मोठमोठे खंड पडतात, आणि 'ईस्ट ब्लू' नावाच्या समुद्रात घडणारा पहिला खंड सुमारे साठ भागांचा आहे. त्यातही नामी या मुलीची हकीकत चव्वेचाळिसाव्या भागात पुरी होते. आर्लाँग नावाच्या दुष्ट चाच्याने तिचे गाव ताब्यात घेतलेले असते. गाव विकत घेऊन सोडविण्यासाठी ती वर्षानुवर्षे एकटीच पैसा जमविते, आणि कोणाजवळही मदत मागत नाही. ही हकीकत पाहूनही ज्याचे मन हलले नाही, त्याने ही मालिका खुशाल सोडावी. पुढील हजार भाग त्याचे मत पालटतील असे वाटत नाही. ज्याचे मन हलले, त्याला पुढे जाण्याविषयी कोणास विचारावे लागणार नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत १ मेपासून रोज एकच भाग पाहिला, तर चव्वेचाळिसावा भाग १३ जूनला येतो. शाळा उघडण्याचे दिवसही तेच.