आटलेल्या डोंगराचे पाणी

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या मध्यभागी चुनखडीच्या खडकांचा एक डोंगराळ मुलूख पसरलेला आहे. डोंगर फार उंच नाहीत; परंतु माती बोटभर आणि पाऊस लहरी. या मुलखातील ब्लँको परगण्यात जे. डेव्हिड बॅम्बर्गर यांनी १९६९ पासून सुमारे साडेपाच हजार एकर जमीन विकत घेतली. घरोघर व्हॅक्यूम क्लीनर विकण्यापासून आरंभ करून पुढे उपाहारगृहांच्या धंद्यात संपन्न झालेले हे गृहस्थ त्या परिसरातील सर्वांत निकृष्ट जमीन मुद्दाम शोधीत होते. आणि ती त्यांना मनाजोगती निकृष्ट मिळाली. गवत जवळजवळ नाहीसे झालेले, ओढे कोरडे. पाण्यासाठी पाचशे फूट खोलीच्या सात विंधनविहिरी घेतल्या, त्या साऱ्या कोरड्या निघाल्या.

हा मुलूख मुळात असा नव्हता. पूर्वी येथे पुरुषभर गवत वाढे, आणि अधूनमधून लागणारा वणवा झुडपांना आवर घाली. पुढे वसाहतवाल्यांनी कुंपणे घातली, गाईगुरे, मेंढ्या व शेळ्या दाटीने चारल्या आणि वणवे विझविले. गवत गेले, माती वाहून गेली, आणि उघड्या पडलेल्या खडकावर जुनिपरची दाट झाडी माजली. लोक या झाडाला ‘सीडर’ म्हणतात आणि शिव्या देतात. वास्तविक ते तेथलेच झाड. पूर्वी ते कडेकपारींत राहून असे. मोकळी जागा माणसाने करून दिली, तेव्हा ते पसरले.

बॅम्बर्गर यांना या कामाची ओढ लागली ती लुई ब्रॉमफील्ड या कादंबरीकाराच्या ‘प्लेझंट व्हॅली’ या पुस्तकामुळे. ते पुस्तक त्यांना आईने दिले होते. ओहायोतील नापीक झालेली जमीन सुधारण्याची हकीकत त्यात आहे. ब्रॉमफील्ड यांच्या त्या शेताचे नाव ‘मलबार’. भारताच्या पार्श्वभूमीवर लिहिलेल्या कादंबरीने त्यांना पैसा दिला होता, म्हणून शेताला नावही भारतातले. बॅम्बर्गर यांनी आपल्या जमिनीला ‘सेला’ म्हटले. हिब्रू स्तोत्रांतील या शब्दाचा अर्थ ‘थांबा आणि विचार करा’ असा सांगतात.

पुढील कामात चमत्कार कोणताच नव्हता. जुनिपरची दाटी तोडली आणि मोकळ्या झालेल्या जागी देशी गवतांचे बी पेरले. दाट जुनिपर हलक्या सरीचे पाणी आपल्या पालवीवरच अडवून धरतो आणि ते तेथूनच वाफ होऊन जाते; मोठी सर आली तर उघड्या खडकावरून लोंढा धावतो. गवत मात्र धावणाऱ्या पाण्याचा वेग मोडते, आणि त्याच्या मुळांच्या वाटेने पाणी खाली उतरते. सेलातील चुनखडी सच्छिद्र व फटींची आहे. तिच्यातून झिरपणारे पाणी खालच्या अभेद्य थरावर साचते आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर पडते. विंधनविहिरी या साठ्याच्या कितीतरी खाली गेल्या होत्या! पाणी मिळायचे होते ते वरच. सुमारे अडीच वर्षांनी पहिला झरा वाहू लागला. आज हे पाणी मिलर ओढ्यातून पेडरनेलिस नदीला जाऊन मिळते. अर्थात झाडे तोडली की कोठेही झरे फुटतात, असा याचा अर्थ नव्हे. जेथे खाली पाणी धरणारा थर नाही, तेथे केवळ कुऱ्हाडीने ते निघणार नाही.

कुऱ्हाडीला दुसरीही मर्यादा होती. सोनेरी गालांचा एक चिमुकला कीटकभक्षी पक्षी मध्य टेक्सासखेरीज जगात कोठेही घरटे करीत नाही. आणि ते घरटे तो जुन्या जुनिपरच्या सालीच्या पट्ट्या कोळ्याच्या जाळ्याने बांधून विणतो. कोवळ्या झाडाची साल त्याला चालत नाही. १९९० मध्ये अमेरिकेने या पक्ष्याला संकटग्रस्त ठरविले. म्हणून दऱ्यांतील व तीव्र उतारांवरील म्हातारी जुनिपरे राखावी लागतात. ज्या झाडाला सारा मुलूख शत्रू मानतो, त्याचीच राखण करायची, हे शेजाऱ्यांना पटवून देणे झरा वाहता करण्याइतके सोपे नसावे.

गवताबरोबर किडे आले, किड्यांमागून पाखरे. प्रारंभी पक्ष्यांच्या पन्नासाहून कमी जाती आढळल्या होत्या. पुढे त्यांची नोंद दोनशेंवर गेली. वटवाघळांसाठी तर १९९० नंतरच्या दशकात सळया व काँक्रीटची घुमटाकार गुहाच बांधून तिच्यावर माती लोटली. काही वर्षे ती जवळजवळ रिकामीच राहिली, आणि लोकांनी थट्टा केली. नंतर वटवाघळे आली, ती लाखांच्या संख्येने. उन्हाळ्यात सूर्य मावळू लागला की त्या गुहेच्या तोंडातून त्यांचा काळा पट्टा निघतो आणि डोंगरावरून दूर पिकांच्या दिशेने पांगत जातो.